कॅम्पिंगच्या बॅटरीला सोलर चार्ज कंट्रोलर कुठला घ्यायचा: सोलापूरच्या उन्हात वापरून झालेला अनुभव

हिवाळा सरताना करमाळ्याच्या बाजूनं उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला जायचं, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्यांच्या बांधावर तंबू टाकायचा, आणि आषाढीला गावच्या दिंडीत लाईट आणि मोबाईल चार्जिंगचं काम बघायचं, असं माझं बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. या दोन्हीसाठी मी एक छोटा सोलर सेट केलाय. शंभर वॉटचं पॅनेल, बॅटरी आणि मधे चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल तशी देणारी डबी. पॅनेल आणि बॅटरीबद्दल दुकानात सगळे सांगतात, कंट्रोलरबद्दल मात्र "हा घ्या, सगळ्यांना चालतो" एवढंच ऐकायला मिळतं. सगळ्यांना चालणारा कंट्रोलर नसतो हे मला उजनीच्या काठावर कळलं.

झालं असं, दुसऱ्या रात्री उकाडा होता म्हणून बारा व्होल्टचा फॅन थेट बॅटरीला जोडून झोपलो. पहाटे चारच्या सुमारास फॅन बंद. म्हटलं बॅटरी संपली असेल, सकाळी ऊन आलं की भरेल. सकाळी नऊला पॅनेलवर कडक ऊन, पण कंट्रोलरची स्क्रीन नुसती लुकलुकायची, चार्जिंग काही सुरू होईना. मीटर लावून बघितलं तर बॅटरीच्या टोकांना शून्य व्होल्ट. बॅटरी खराब झाली नव्हती, आतल्या बीएमएसनं, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटनं, बॅटरीला वाचवायला कनेक्शन तोडलं होतं, आणि माझ्या कंट्रोलरला समोर बॅटरी आहे हेच दिसत नव्हतं. काही बीएमएस जोडलेला लोड (फॅन, बल्ब) काढला की आपोआप सुटतात, माझा सुटला नाही. शेवटी हायवेवरच्या ढाब्यावर जाऊन घरचा लिथियमचा चार्जर लावला तेव्हा ती जागी झाली. ऊन होतं, पॅनेल होतं, बॅटरी होती, आणि मधल्या डबीमुळं सगळं अडलं.

म्हणून खाली क्रमानं लिहितोय. कंट्रोलर सगळ्यात शेवटी निवडायचा असतो, आधी नाही. तेवढा क्रम पाळा.

१. आधी रात्रीचा हिशोब मांडा

कागद घ्या आणि रात्रभरात काय काय चालणार ते लिहा. माझा असा आहे: पाच वॉटचे दोन एलईडी बल्ब पाच तास, म्हणजे ५० वॉट-तास. पाच हजार एमएएचचा मोबाईल भरायला नुकसान धरून साधारण २२ वॉट-तास लागतात, चार मोबाईल म्हणजे ९० धरा. आणि १५ वॉटचा डीसी फॅन सात तास, १०५. एकूण झालं २४५ च्या आसपास. फॅन वगळला तर हा आकडा निम्म्याच्या जवळ येतो, पण आपल्याकडं होळीनंतर फॅनशिवाय तंबूत झोप लागत नाही, त्यामुळं तो धराच.

यावरून मी १२.८ व्होल्ट ३० एएचची बॅटरी घेतली. गुणाकार ३८४ वॉट-तास, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटलं तर ३०० च्या वर मिळतात. आपल्याकडं कोरड्या दिवसांत रोज पाचेक तास पूर्ण उन्हाचे धरायला हरकत नाही, शंभर वॉटचं पॅनेल सगळी गळती जाऊन दिवसाला ३५० वॉट-तासांपर्यंत देतं. आषाढात ढग असले की याच्या निम्मं धरा आणि फॅन विसरा.

२. बॅटरीची जात ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. "बारा व्होल्टची बॅटरी" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

लेड-ॲसिड, म्हणजे गाडीची किंवा यूपीएसची. ही १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज होते आणि मग १३.६-१३.८ वर फ्लोटला, म्हणजे भरल्यावर टिकवून ठेवायच्या कमी व्होल्टेजला, ठेवायची.

एलएफपी, म्हणजे लिथियम फेरो फॉस्फेट. आत चार सेल असतात, स्टिकरवर १२.८ व्होल्ट लिहिलेलं असतं. हिला १४.२ ते १४.६ पर्यंत न्यायचं, फ्लोट १३.५ च्या आसपास. कॅम्पिंगला माझ्या मते हीच घ्यावी, वजन कमी आणि उष्णता बाकी लिथियमपेक्षा जास्त सहन करते.

तिसरी साधी लिथियम-आयन, तीन सेलची, स्टिकरवर ११.१ व्होल्ट. ही १२.६ व्होल्टच्या वर जाताच कामा नये. जुन्या लॅपटॉपच्या सेलपासून घरगुती बनवलेले पॅक बहुतेक याच जातीचे असतात. याला लेड-ॲसिडचा कंट्रोलर लावला तर तो बिनधास्त १४.४ पर्यंत ढकलत राहतो, आणि मग आतल्या बीएमएसवरच सगळा भरवसा. तो बीएमएस हलका असेल तर आग लागू शकते, आणि तंबू कापडाचा असतो. स्टिकर नसलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका.

आता कंट्रोलरकडं या. त्याच्या मेनूत तुमच्या बॅटरीची जात नावानिशी आहे का ते बघायचं. काही स्वस्त कंट्रोलरमध्ये बी-१, बी-२, बी-३ असे कोड असतात आणि ते तिन्ही लेड-ॲसिडचेच प्रकार असतात, सीलबंद, जेल आणि पाण्याची. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिथियम छापलेलं असलं तरी मॅन्युअल उघडून आकडे बघा की. एलएफपीसाठी या चार गोष्टी हव्यात:

- चार्जिंग व्होल्टेज १४.२ ते १४.६ मध्ये, शक्यतो हातानं सेट करता येणारं. मी १४.२ ठेवतो.
- इक्वलायझेशन, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, पूर्ण बंद करता यावं. ते पाण्याच्या लेड-ॲसिडसाठी असतं, लिथियमला अजिबात नको.
- तापमानानुसार व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय असेल तर ती बंद करता यावी, हीसुद्धा लेड-ॲसिडची गरज.
- बीएमएसनं तोडलेली बॅटरी जागी करण्याची सोय. मॅन्युअलमध्ये लिथियम ॲक्टिव्हेशन किंवा झिरो व्होल्ट चार्जिंग असं काहीतरी लिहिलेलं सापडेल.

शेवटची गोष्ट माझ्या पहिल्या कंट्रोलरमध्ये नव्हती, म्हणून ढाबा गाठावा लागला.

३. पॅनेलच्या मागचं स्टिकर वाचा

पॅनेल उलटं करा. स्टिकरवर चार आकडे कामाचे. व्हीओसी म्हणजे काही न जोडता पॅनेल देतं ते व्होल्टेज, शंभर वॉटच्या बारा व्होल्टवाल्या पॅनेलचं हे साधारण २२ असतं. व्हीएमपी म्हणजे काम करतानाचं व्होल्टेज, १८ च्या आसपास. आयएमपी काम करतानाचा करंट, साडेपाच अँपिअर. आणि आयएससी म्हणजे शॉर्ट सर्किट करंट, सहाच्या जवळपास. मोबाईलमध्ये या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, दुकानात तोच दाखवायचा आहे.

एक सावधगिरी. कुणाच्या तरी घरावरचं ३३० वॉटचं जुनं पॅनेल स्वस्तात मिळतं आणि "बारा व्होल्टला पण चालतं" असं सांगितलं जातं. त्याचं व्हीओसी ४५ व्होल्टच्या आसपास असतं. साध्या कंट्रोलरवर एक तर तो कंट्रोलर जळेल, नाहीतर ३३० मधले १२० वॉटसुद्धा धड मिळणार नाहीत.

घडीच्या पॅनेलच्या मागं कधीकधी एक छोटी डबी शिवलेली असते, यूएसबीवाली. ती डबी म्हणजेच कंट्रोलर आहे का हे आधी बघा. एकामागं एक दोन कंट्रोलर लावायचे नसतात. तयार पॉवर स्टेशन, म्हणजे सगळं एकाच डब्यात असलेली बॅटरी, घेतलं असेल तर त्याच्या आत कंट्रोलर असतोच, पॅनेल थेट त्याला लावायचं, फक्त इनपुटचं कमाल व्होल्टेज पॅनेलच्या व्हीओसीपेक्षा जास्त आहे ना ते तपासून. अशा लोकांना हा पुढचा लेख लागणारच नाही.

४. पीडब्ल्यूएम की एमपीपीटी

पीडब्ल्यूएम म्हणजे भराभर चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळं पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीएवढं खाली येतं आणि वरचं व्होल्टेज वाया जातं. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवतो आणि जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करून बॅटरीला देतो. कागदावर बघाल तर साडेपाच अँपिअर गुणिले १३.३ व्होल्ट म्हणजे पीडब्ल्यूएमवर शंभर वॉटच्या पॅनेलमधून ७३-७४ वॉट, आणि एमपीपीटीवर ९५. म्हणून सगळे म्हणतात एमपीपीटीच घ्या.

पण हे कागदावरचे आकडे पॅनेलचं तापमान २५ डिग्री धरून काढलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत पारा ४३ ला असतो आणि उन्हातलं पॅनेल ७० डिग्रीपर्यंत तापतं, हात ठेववत नाही. पॅनेल तापलं की व्होल्टेज पडतं, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के. ४५ डिग्री जास्त म्हणजे १८ टक्के गेले, १८ व्होल्टचं झालं १४.८. आता एमपीपीटीला वाचवायला वरचं व्होल्टेज उरलंच किती? माझ्या हिशोबानं मे महिन्यात एकाच शंभर वॉटच्या पॅनेलवर एमपीपीटी ७८ वॉट देईल तिथं पीडब्ल्यूएम ७४ देईल. डिसेंबरात पॅनेल थंड असतं तेव्हा फरक बारा-तेरा वॉटचा होतो. ढगाळ हवेतही पॅनेल थंड असतं, व्होल्टेज चांगलं असतं पण करंट कमी, तिथं एमपीपीटी मदत करतो, दिंडीत मला त्याचा उपयोग दिसला.

तर माझं मत असं. एकच शंभर वॉटचं बारा व्होल्टवालं पॅनेल असेल आणि बजेट कमी असेल तर एलएफपीची खरी सेटिंग असलेला पीडब्ल्यूएम घ्या, काही बिघडत नाही. दोन पॅनेल असतील, किंवा पॅनेलचं व्हीओसी २५ च्या वर असेल, किंवा पावसाळ्यात वापरायचा असेल तर एमपीपीटी. दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला, व्होल्टेजची बेरीज होते) जोडून एमपीपीटीला दिली की उन्हाळ्यातला व्होल्टेज पडण्याचा प्रश्नही सुटतो, फक्त एकावर बाभळीची सावली पडली की दोन्हीचं उत्पादन ढासळतं हे लक्षात ठेवा. पीडब्ल्यूएमला मात्र सिरीज करायची नाही, पॅरललच (प्लसला प्लस, मायनसला मायनस).

५. किती अँपिअरचा

पीडब्ल्यूएमसाठी आयएससीला १.२५ नं गुणा. सहा अँपिअरचं साडेसात झालं, म्हणजे १० अँपिअरचा चालतो. दोन पॅनेल पॅरलल, १५, तर २० चा घ्या.

एमपीपीटीसाठी पॅनेलचे वॉट भागिले बॅटरीचं व्होल्टेज. १०० भागिले १२.८ म्हणजे ७.८, दहाचा पुरतो. २०० वॉटला साडेपंधरा, वीसचा घ्या. एमपीपीटीवर ७५/१५ असे दोन आकडे लिहिलेले दिसतात, पहिला पॅनेलकडून चालणारं कमाल व्होल्टेज, दुसरा बॅटरीला देणारा अँपिअर. दुसरा आकडा थोडा कमी पडला तर चांगला एमपीपीटी स्वतःच करंट आवरतो, पण पहिला ओलांडला की कंट्रोलर जळतो. थंडीत पहाटे व्हीओसी स्टिकरपेक्षा थोडं वाढतं, त्यामुळं पंचवीस टक्के मोकळीक ठेवा.

आणि बॅटरीला तेवढा करंट झेपतो का तेही बघा. यूपीएसमधली छोटी ७ एएचची लेड-ॲसिड दोनेक अँपिअरच्या वर घेऊ नये, तिला शंभर वॉटचं पॅनेल लावलं तर ती फुगते. एलएफपीच्या स्टिकरवर कमाल चार्जिंग करंट लिहिलेला असतो.

६. नकली एमपीपीटीला फसू नका

बाजारात वर एमपीपीटी छापलेले आणि आत पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलर खूप आहेत. हातात घेतल्यावर रिकाम्या डबीसारखा हलका लागला तर शंका घ्या, खऱ्या एमपीपीटीत तांब्याची जाड कॉईल असते आणि मागं उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक, त्यामुळं तो जड लागतोच. मॅन्युअलमध्ये बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी पॅनेलचं कमाल व्होल्टेज २५ लिहिलं असेल तर तो बहुतेक पीडब्ल्यूएमच.

पक्की टेस्ट मीटरची. बॅटरी अर्धी रिकामी करा, कडक उन्हात पॅनेल जोडा, चार्जिंग चालू असताना कंट्रोलरच्या पॅनेलवाल्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि मग बॅटरीवाल्या टर्मिनलवर. मी एकदा एमपीपीटी म्हणून घेतलेल्या डबीवर मोजलं तर बॅटरी १३.३ आणि पॅनेल १३.५. म्हणजे पॅनेल खाली ओढलं गेलंय, पीडब्ल्यूएम. खऱ्या एमपीपीटीवर त्याच पॅनेलला १६.८ दिसलं. बॅटरी भरलेली असताना ही टेस्ट करू नका, तेव्हा दोन्हीकडं व्होल्टेज वर जातं आणि काही कळत नाही.

७. दुकानात जाताना

नवी पेठेत जा नाहीतर ऑनलाईन मागवा, पण फोटो सोबत न्या आणि बाकीचं जमवून या:

- पॅनेलच्या आणि बॅटरीच्या स्टिकरचा फोटो
- मल्टीमीटर, साधा चालतो
- ४ स्क्वेअर एमएमची सोलर डीसी वायर, लाल आणि काळी
- पॅनेलच्या वायरीला लागणारी एमसी-फोर कनेक्टरची जोडी
- १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसह, ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो
- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड

बिलावर नुसतं "सोलर कंट्रोलर" लिहून देतात. एमपीपीटी घेतला असेल तर एमपीपीटी हा शब्द बिलावर हवाच, टेस्टमध्ये नकली निघाला तर परत करताना तोच कामाला येतो.

वायरीत पैसे वाचवू नका. १.५ स्क्वेअर एमएमची पाच मीटर लांब जोडी घेतली तर साडेपाच अँपिअरला ०.६ ते ०.७ व्होल्ट वायरीतच जातात. ४ स्क्वेअर एमएममध्ये पाव व्होल्ट. वर मे महिन्याचा हिशोब दिलाय ना, १४.८ व्होल्ट, त्यातले ०.७ गेले तर उरले १४.१, आणि बॅटरी भरायला १४.२ हवेत. मग माणूस म्हणतो कंट्रोलर खराब आहे.

८. जोडायचा क्रम

आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलर बॅटरीवरून ठरवतो की सिस्टीम बाराची आहे की चोवीसची, आणि बॅटरी नसताना पॅनेलचं २२ व्होल्ट अंगावर आलं तर स्वस्त कंट्रोलर मरू शकतो. पॅनेल जोडताना आणि काढताना त्यावर सोलापुरी चादर दुहेरी करून टाका, जाड असल्यामुळं ऊन चांगलं अडतं आणि कनेक्टरला ठिणगी पडत नाही. प्लस-मायनस रंगावर न जाता मीटरनंच बघा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसला, शक्य तितका जवळ. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा आणि लांब वायर पॅनेलच्या बाजूला जाऊ द्या. कंट्रोलर आणि बॅटरी दोन्ही सावलीत, हवा लागेल असं. बंद गाडीच्या काचेमागं तर बॅटरी ठेवूच नका, बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायच्या नसतात. पॅनेलही जमिनीवर सपाट न टाकता दोन विटांवर उचलून ठेवा, खालून वारं गेलं की थोडं कमी तापतं.

कंट्रोलरवर उपकरणं जोडायला लोड टर्मिनल असतं, त्याला बल्ब, फॅन, यूएसबी एवढंच लावा आणि लो व्होल्टेज कटऑफ एलएफपीसाठी १२ व्होल्टवर ठेवा. माझा फॅन त्या रात्री इथं असता तर बीएमएस तोडायच्या आधीच कंट्रोलरनं तो बंद केला असता. इन्व्हर्टर मात्र लोड टर्मिनलला लावायचा नाही, तो थेट बॅटरीला, वेगळ्या फ्यूजमधून.

९. आधी गच्चीवर एक दिवस चालवा

निघायच्या आदल्या आठवड्यात गच्चीवर पूर्ण सेट लावा. रात्री फॅन-बल्ब चालवून बॅटरी खाली आणा, सकाळी दहा, दुपारी एक आणि चारला व्होल्टेज आणि अँपिअर वहीत लिहा. कंट्रोलरवरच्या चार काड्यांच्या बॅटरीवर विश्वास ठेवू नका, एलएफपी जवळजवळ सगळा वेळ १३.२-१३.३ व्होल्टवरच असते, त्यामुळं ८० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना काड्या सारख्याच दिसतात. संध्याकाळी चार्जिंग १४.२ ला जाऊन थांबलं का ते बघा. १४.८ पर्यंत गेलं तर लगेच पॅनेल काढा, सेटिंग चुकलंय.

दिंडीच्या ट्रकवर पॅनेल बांधणार असाल तर ताडपत्रीची दोरी त्यावरून जाऊ देऊ नका. दोरीची बारीक सावलीसुद्धा करंट पाडते, भंडीशेगावच्या मुक्कामाला बॅटरी अर्धीच भरलेली बघून हे आमच्या लक्षात आलं.

१०. परत आल्यावर

कंट्रोलर स्वतः बॅटरीतून थोडं खात असतो, दहा-वीस मिलिअँपिअर. वीस धरले तर दिवसाला अर्धा एएच, म्हणजे ३० एएचची बॅटरी दोन महिन्यांत पूर्ण रिकामी, आणि मग पुन्हा तोच शून्य व्होल्टचा प्रकार. त्यामुळं पॅनेल काढा, मग बॅटरीची वायर काढा, बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा मीटर लावून बघा. १३ च्या खाली दिसली तर एक दिवस गच्चीवर ऊन दाखवा.